घराच्या रक्षणासाठी शॉटगनचे काडतूस कसे निवडावे

अमेरिकेतल्या बहुतेक घरांमध्ये दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे लाकडाच्या उभ्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे फलक असतात. प्रत्येक फलक साधारण अर्धा इंच, म्हणजे जेमतेम १२.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोहोंच्या मध्ये पोकळी असते. विटांच्या आणि काँक्रीटच्या घरांत वाढलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ‘भिंत’ म्हटल्यावर जे उभे राहते, त्याच्याशी हिचे फारसे नाते नाही. जोराने बुक्की मारली तरी तिला भोक पडते. घराच्या रक्षणासाठी शॉटगन, म्हणजे छरे उडवणारी लांब नळीची बंदूक, ठेवणाऱ्याने तिच्यात कोणते काडतूस घालावे, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत या भिंतीपासून सुरू होते, कारण तिच्या एका बाजूला घरात घुसलेला माणूस असू शकतो आणि दुसऱ्या बाजूला आपले झोपलेले मूल.

मी टेक्सासमध्ये राहतो. आमच्या परिचयातल्या काही मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत शॉटगन घेतली, आणि बंदूक घेताना दहा दुकाने पालथी घालणाऱ्या या मंडळींनी काडतुसांचा खोका मात्र विक्रेत्याने पुढे केला तो उचलला, असे बहुतेकांच्या बाबतीत माझ्या लक्षात आले. खरे पाहता बंदूक हे केवळ नळकांडे आहे. त्यातून काय बाहेर पडणार, ते किती खोल जाणार आणि कुठे थांबणार, हे काडतूस ठरवते. म्हणून हा लेख बंदुकीविषयी नाही, काडतुसाविषयी आहे.

त्याआधी कायद्याची एक गोष्ट सांगणे मला अत्यावश्यक वाटते, कारण ती आपल्या लोकांना थेट लागू होते आणि अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या अस्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद या मनाईला आहेत, पण अपवाद आपल्याला लागू आहे की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवावे. ही मनाई बंदुकीइतकीच सुट्या काडतुसांनाही लागू आहे, हे विशेष ध्यानात ठेवावे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. त्याखेरीज प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत: न्यू जर्सीत शॉटगन विकत घेण्याआधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते, इलिनॉयमध्ये तर काडतुसे घेण्यासाठीही ‘फॉइड’ कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचे ओळखपत्र, लागते, आणि घरात घुसलेल्या व्यक्तीवर प्राणघातक बळ केव्हा वापरता येते याची रेषा टेक्सासमध्ये जिथे आहे तिथेच शेजारच्या राज्यात असेल असे नाही.

आता काडतुसाकडे वळू. शॉटगनचे काडतूस रायफलच्या गोळीपेक्षा फार वेगळे असते. पितळी बूड असलेली प्लॅस्टिकची नळी, बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर प्लॅस्टिकचा पेला किंवा बूच, ज्याला ‘वॅड’ म्हणतात, त्या पेल्यात शिशाचे छरे आणि शेवटी नळीचे तोंड मुडपून केलेले झाकण, अशी त्याची रचना असते. दारू पेटली की वाढलेला वायू वॅडला ढकलतो, वॅड छऱ्यांना घेऊन नळीतून बाहेर पडतो, आणि हवेत येताच हलका वॅड मागे पडून छरे पुढे निघून जातात. या वॅडकडे बहुतेक नवखे लोक दुर्लक्ष करतात. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यावे लागणार आहे.

‘१२ बोअर’ किंवा ‘१२ गेज’ या शब्दातला १२ हा आकडा जुन्या मोजमापातून आला आहे. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा जो व्यास येईल, तो त्या बंदुकीच्या नळीचा व्यास. तो ०.७२९ इंच, म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. २० गेजमध्ये त्याच पौंडाचे वीस गोळे करायचे असल्याने गोळा लहान होतो आणि नळी १५.६ मिलिमीटरची होते. म्हणूनच गेजचा आकडा वाढला की नळी अरुंद होते. ‘.४१०’ हा मात्र गेज नाही. तो सरळ इंचांतला व्यास आहे.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी बंदूक आहे, त्यांना १२ बोअर नवीन नाही. सिंधुदुर्गात माझ्या काकांकडे अशी बंदूक होती आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेली काडतुसे तिच्यासाठी येत. त्यांच्या तोंडी ‘एल.जी.’ आणि ‘एस.जी.’ हे शब्द असत. ही इंग्रजी पद्धतीची नावे आहेत, आणि अमेरिकेतल्या नावांशी त्यांचा मेळ घालायचा तर एल.जी. म्हणजे अमेरिकेतला ‘ट्रिपल ऑट’ (तीन शून्ये, ०००) आणि एस.जी. म्हणजे ‘डबल ऑट’ (००) छरा, असे ढोबळमानाने धरता येते. भारतात मात्र परवाना, शस्त्र कायदा आणि स्वसंरक्षणाच्या हक्काच्या तरतुदी सर्वस्वी वेगळ्या आहेत, त्यामुळे या लेखातला विचार अमेरिकेतल्या घरापुरताच घ्यावा.

छऱ्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. पक्षी मारण्यासाठी वापरतात ते बारीक छरे म्हणजे बर्डशॉट आणि हरणासारख्या प्राण्यांसाठी वापरतात ते जाड छरे म्हणजे बकशॉट. ‘बक’ म्हणजे नर हरीण. बर्डशॉटचे आकडे समजून घेण्याची एक सोपी युक्ती आहे: छऱ्याचा क्रमांक सतरातून वजा करावा, येणारे उत्तर म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात त्याचा व्यास. ८ क्रमांकाचा छरा घ्या. सतरातून आठ गेले, उरले नऊ, म्हणजे ०.०९ इंच, सुमारे २.३ मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. असे चारशेच्या वर छरे एका औंसात बसतात. बकशॉटचे आकडे या युक्तीत बसत नाहीत. ४ क्रमांकाचा बकशॉट ०.२४ इंचाचा, १ क्रमांकाचा ०.३० इंचाचा, डबल ऑट ०.३३ इंचाचा आणि ट्रिपल ऑट ०.३६ इंचाचा असतो. ‘४ क्रमांक’ हा बर्डशॉटमध्येही आहे आणि बकशॉटमध्येही, आणि दोन्ही छऱ्यांच्या वजनात सहा पटींहून अधिक फरक आहे. खोक्यावर ‘बक’ हा शब्द आहे की नाही हे पाहूनच घ्यावे.

मिलिमीटरांचा हा फरक दिसायला किरकोळ असला तरी परिणामात प्रचंड आहे, आणि तो का हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला पटणार नाही. डबल ऑट छऱ्याचा व्यास ८ क्रमांकाच्या छऱ्याच्या सुमारे पावणेचार पट आहे. पण गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे वजन जवळजवळ पन्नास पट होते: बारीक छरा ग्रॅमच्या चौदाव्या भागाएवढा आणि डबल ऑट साडेतीन ग्रॅमचा. समोरचा अडथळा मात्र छऱ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर दाब देतो आणि ते क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने, म्हणजे तेरा-चौदा पटच वाढते. अडथळ्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे जाड छऱ्याकडे कितीतरी अधिक वजनाचा रेटा असतो, म्हणून तो खोल जातो. बारीक छऱ्याचा वेग हवेतही आणि शरीरातही चटकन संपतो. मूठभर वाळू आणि मूठभर गोटे सारख्याच जोराने फेकले तर कोणते दूर जातात, हे आपण लहानपणी पाहिलेले असते.

मग किती खोल जाणे पुरेसे? या प्रश्नाला अमेरिकेत एक मानक आहे आणि त्यामागे एक दुःखद घटना आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी फ्लोरिडातल्या मायामीजवळ एफबीआयच्या पथकाची दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला आणि एफबीआयचे दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर झालेल्या अभ्यासातून पिस्तुलाच्या गोळीने मानवी स्नायूंसारख्या घनतेच्या विशेष जिलेटिनमध्ये निदान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर जावे आणि १८ इंचांपलीकडे शक्यतो जाऊ नये, असा निकष रूढ झाला. माणसाची छाती ३० सेंटिमीटर खोल नसते हे खरे, पण समोरचा माणूस नेहमी छाती पुढे करून उभा नसतो. तो तिरका असतो, त्याचा हात मध्ये असतो, अंगात जाड जाकीट असते. हा निकष पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी तयार झाला, तरी शॉटगनच्या काडतुसांची पारख करणारे जाणकारही त्याचाच आधार घेतात.

या निकषावर बर्डशॉट उतरत नाही. ८ किंवा साडेसात क्रमांकाचे छरे जिलेटिनमध्ये बहुधा १० ते १५ सेंटिमीटरांतच थांबतात. जखम भयंकर दिसते, पण ती वरवरची असू शकते, आणि जो माणूस जिवावर उदार होऊन किंवा नशेत अंगावर येतो आहे तो अशा जखमेने तत्काळ थांबेल याची खात्री देता येत नाही. तरीही घरासाठी बर्डशॉटच घ्या, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. मी पहिल्यांदा काडतुसे घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला ठामपणे सांगितले की बारीक छरे भिंतीतून जात नाहीत, म्हणून ते घरातल्यांसाठी सुरक्षित आहेत. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि जवळजवळ एक वर्ष तीच काडतुसे घरात ठेवली.

ही समजूत दोन्ही टोकांनी चुकीची आहे. नळीतून बाहेर पडल्यावर पहिल्या काही फुटांत छरे अजून पांगलेले नसतात. त्यांचा एकच घट्ट गठ्ठा असतो आणि तो जिप्समचे दोन फलक सहज भेदून पलीकडे जातो. याउलट खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत तेच छरे पांगतात आणि प्रत्येक छरा एकटा पडून आपला वेग गमावू लागतो. म्हणजे भिंतीपलीकडच्या मुलाला धोका राहतोच आणि समोरच्या माणसाला थांबवण्याची खात्री मात्र जाते. यावरून जो नियम निघतो तो अप्रिय असला तरी स्वीकारावाच लागतो: माणसाला खात्रीने थांबवू शकेल असे कोणतेही काडतूस जिप्समच्या भिंतीतून पार जाणार. ‘भिंतीत थांबणारे पण माणसाला थांबवणारे’ असे काडतूस बाजारात नाही, आणि तसे आहे असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. बर्डशॉट क्ले पिजनच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरच्या, सरावासाठी उत्तम आहे. धक्का कमी, किंमत कमी. सरावासाठी ते भरपूर वापरावे.

मग उरतो बकशॉट. १२ गेजच्या पावणेतीन इंची नेहमीच्या काडतुसात डबल ऑटचे नऊ छरे असतात, १ क्रमांकाचे सोळा आणि ४ क्रमांकाचे सत्तावीस. डबल ऑट हा पोलिसांचा आणि सैन्याचा जुना पसंतीचा छरा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी खंदकांत विंचेस्टर मॉडेल १८९७ शॉटगनमधून तो वापरला, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने त्याविरुद्ध औपचारिक निषेध नोंदवला होता. खोलीच्या बाबतीत तो कधीच कमी पडत नाही. उलट जिलेटिनमध्ये तो १८ इंचांच्या आसपास किंवा त्याही पुढे जातो, आणि हीच त्याच्याविषयीची काळजी आहे. ४ क्रमांकाचा बकशॉट दुसऱ्या टोकाला आहे. तो १२ इंचांच्या निकषाला कसाबसा पोहोचतो, काही ब्रँडमध्ये थोडा पुढे, काहींत थोडा अलीकडे. अपार्टमेंटमध्ये किंवा एकमेकांना चिकटून असलेल्या टाउनहाउसमध्ये राहणारे काही जाणकार जाणीवपूर्वक तो निवडतात, आणि तो निर्णय अविचारी म्हणता येणार नाही.

गणिताने पाहिले तर १ क्रमांकाचा बकशॉट या दोहोंच्या मध्ये सर्वांत समतोल आहे. त्याचा प्रत्येक छरा २.६ ग्रॅमचा असतो, तो निकषाइतका खोल जातो पण डबल ऑटइतका पुढे जात नाही, आणि सोळा छऱ्यांच्या तोंडाचे एकूण क्षेत्रफळ डबल ऑटच्या नऊ छऱ्यांपेक्षा जवळजवळ दीडपट भरते. माझे मन बराच काळ याच निष्कर्षापाशी थांबले होते. पण कागदावरचे गणित आणि दुकानातले वास्तव यांत अंतर आहे. डबल ऑटची काडतुसे अनेक कंपन्या अनेक प्रकारांत, काळजीपूर्वक तयार केलेल्या वॅडसह आणि कठीण, तांब्याचा मुलामा दिलेल्या छऱ्यांसह बनवतात, तर १ क्रमांकाचा चांगला माल शोधावा लागतो. जे काडतूस सहज मिळत नाही त्याचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव झालेला नाही त्यावर रात्री दोन वाजता विसंबून राहू नये.

स्लगविषयी थोडक्यात. स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी एकच भरीव गोळा, बहुधा एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा. तो अनेक भिंती ओलांडून शेजारच्या घरात जाऊ शकतो. शेतावरच्या एकाकी घरात, अस्वलांच्या प्रदेशात त्याला जागा आहे. दाट वस्तीतल्या घरात नाही. आग ओकणारी, मिठाच्या खड्यांची, रबरी गोळ्यांची काडतुसे तर विचारातही घेऊ नयेत. त्यांतली काही अनेक राज्यांत बेकायदा आहेत, आणि ‘कमी घातक’ म्हणून मारलेली गोळीदेखील कायद्याच्या दृष्टीने बंदुकीतून मारलेली गोळीच असते.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शॉटगनविषयीचा सर्वांत घातक गैरसमज त्यात येतो. ‘शॉटगनला नेम लागत नाही, नळी त्या दिशेला केली की पुरे, छरे पसरून खोली व्यापतात’, असे चित्रपट पाहून अनेकांना वाटते. प्रत्यक्षात साध्या नळीतून साध्या बकशॉटचा फैलाव दर यार्डाला साधारण एक इंच, असा जुना ठोकताळा आहे. बेडरूमच्या दारापासून हॉलच्या टोकापर्यंत पाच यार्ड, म्हणजे साडेचार मीटर अंतर धरले, तर छऱ्यांचे वर्तुळ पाच इंचांचे, म्हणजे जेवणाच्या ताटाच्या निम्म्याहून लहान पडते. नेम अर्ध्या फुटाने चुकला तर सगळेच छरे चुकतात, आणि चुकलेले नऊच्या नऊ छरे भिंतीपलीकडे जातात.

म्हणूनच फैलाव जितका कमी तितके घरात चांगले. इथे तो वॅड पुन्हा येतो. साधा वॅड पुढून उघडतो आणि नळीच्या बाहेर येताच छऱ्यांना सोडून देतो. फेडरल कंपनीच्या ‘फ्लाइटकंट्रोल’ काडतुसातला वॅड मागच्या बाजूने उघडतो, त्यामुळे छरे अधिक काळ एकत्र राहतात आणि सात-आठ यार्डांवरही तळहाताएवढ्या जागेत पडतात. हॉर्नडी कंपनीचा ‘व्हर्साटाइट’ वॅडही छऱ्यांना असाच एकत्र ठेवतो. यांतल्या काही काडतुसांमध्ये नऊऐवजी आठच छरे असतात. छरा कमी करून काय मिळते, असा प्रश्न मलाही पडला होता. नऊ छऱ्यांच्या रचनेत एखादा छरा इतरांपासून फटकून भलतीकडे जाण्याची खोड असते. आठ छरे दोन-दोनच्या थरांत नीट बसतात आणि तो भरकटणारा छरा बहुधा नाहीसा होतो. घरात भरकटलेला छरा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आठ छऱ्यांचे डबल ऑट काडतूस घरासाठी नऊ छऱ्यांच्या काडतुसापेक्षा चांगले, हे माझे आजचे मत आहे, आणि १ क्रमांकाच्या गणितापेक्षा मी त्याला अधिक महत्त्व देतो.

दुसरी बाब धक्क्याची. पूर्ण ताकदीच्या डबल ऑट काडतुसाचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर असतो. कमी धक्क्याच्या काडतुसात तो ३५० मीटरच्या आसपास ठेवतात. घरातल्या अंतरावर या फरकाने परिणाम बदलत नाही, खांद्याला बसणारा धक्का मात्र बराच कमी होतो, आणि दुसऱ्यांदा नेम धरायला लागणारा वेळही. घरातली सगळी माणसे सारख्या बांध्याची नसतात. बंदूक हाताळायला जो शिकला आहे त्या सगळ्यांतल्या सर्वांत हलक्या माणसाला जे काडतूस पेलते, तेच घरात ठेवावे. तीन आणि साडेतीन इंची मॅग्नम, म्हणजे जादा भार भरलेली, काडतुसे या कारणासाठी टाळावीत. २० गेजमध्ये ३ क्रमांकाच्या बकशॉटचे वीस छरे मिळतात आणि ते अनेकांसाठी पुरेसे ठरतात. .४१० मध्ये मात्र ट्रिपल ऑटचे चार-पाच छरेच बसतात. चुकीला तिथे फारच कमी जागा राहते.

लांबी आणि गेज यांची गल्लत जीवघेणी ठरू शकते. ज्या बंदुकीच्या नळीवर पावणेतीन इंच असे कोरलेले आहे, तिच्यात तीन इंची काडतूस कदापि घालू नये. ते आत बसते, कारण मुडपलेल्या झाकणामुळे ते आखूड दिसते. पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. त्याहून भीषण चूक २० गेजचे काडतूस १२ गेजच्या बंदुकीत जाण्याची. ते नळीत पुढे घसरून अडकते, बंदूक रिकामी वाटते, त्यामागे १२ गेजचे काडतूस भरले जाते, आणि ते उडाले की नळी हातातच फुटते. या अपघातांमुळेच २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची रीत पडली. घरात दोन गेजच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत.

काडतूस निवडले म्हणजे काम झाले असे नाही, कारण एकच काडतूस दोन बंदुकांतून दोन प्रकारे पांगते. नळीच्या टोकाशी असलेला ‘चोक’, म्हणजे इंचाच्या काही शतांशाने केलेला निमुळतेपणा, नळीची घडण, वॅडची वागणूक, हे सगळे त्यात येते. म्हणून टेप घेऊन घरातले सर्वांत लांब सरळ अंतर मोजावे. आमच्या घरी ते बेडरूमच्या दारापासून मुख्य दारापर्यंत नऊ मीटर भरले. नंतर नेमबाजीच्या मैदानी रेंजवर जाऊन (काही बंदिस्त रेंजवर बकशॉटला परवानगी नसते, ते आधी विचारून घ्यावे) मोठ्या कागदावर त्याच अंतरावरून आणि त्याच्या निम्म्या अंतरावरून प्रत्येकी तीन-चार फैरी झाडाव्यात आणि प्रत्येक कागदावरची छिद्रे मोजावीत. नऊ छरे असतील तर नऊही छऱ्यांचा हिशेब लागलाच पाहिजे. मी वर्षभर बाळगलेल्या त्या बर्डशॉटच्या जागी पहिल्यांदा स्वस्त बकशॉट घेतला, तेव्हा नऊ मीटरवर एक छिद्र बाकीच्यांपासून वीतभर दूर पडले होते. माणसाच्या रुंदीच्या आकृतीवर ते खांद्याच्या बाहेर गेले असते. तोच कागद पाहून मी काडतूस बदलले.

बंदूक अर्धस्वयंचलित, म्हणजे उडाल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, असेल तर आणखी एक परीक्षा करावी लागते. कमी धक्क्याच्या काडतुसात यंत्रणा मागे ढकलण्याइतका जोर कधी कधी नसतो आणि रिकामे कवच अडकते. निवडलेल्या काडतुसाच्या निदान २५ फैरी एकदाही न अडकता झडल्या, तरच ते त्या बंदुकीसाठी योग्य समजावे. पंप-ॲक्शन बंदुकीत नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून हे काम हात करतो, त्यामुळे काडतुसाची अडचण येत नाही, पण घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो, आणि त्यावर सरावाखेरीज उपाय नाही.

भिंतीचा प्रश्न काडतुसाने सुटत नाही, हे वर पाहिले. तो सुटतो तो जागेच्या विचाराने. दिवसा घरातून फिरावे, आपण कुठे थांबणार हे ठरवावे, आणि तिथून दाराकडे नळी केली तर तिच्या रेषेत पुढे काय येते ते पाहावे: मुलांची खोली, शेजाऱ्याची बेडरूम, रस्ता, की विटांची चिमणी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट. घरभर शोधत फिरण्याऐवजी सगळ्यांनी एका खोलीत जमून दार लावावे, ९११ ला फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबावे, हा सल्ला प्रशिक्षक देतात तो याच कारणाने. एका जागी थांबलेल्या माणसाला आपल्या गोळीची रेषा ठाऊक असते, फिरणाऱ्याला नसते. आणि अंधारात दिसलेली आकृती कोणाची आहे हे प्रकाशात ओळखल्याशिवाय ट्रिगरकडे बोट जाता कामा नये. उशिरा घरी आलेला आपलाच मुलगा परका समजला जाण्याचे प्रसंग घडलेले आहेत.

काडतुसे थंड, कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवावीत. मुले असलेल्या घरात बंदूकही चटकन उघडणाऱ्या तिजोरीतच हवी, उशाशी किंवा कपाटाच्या वर नव्हे. बहुतेक पंप-ॲक्शन बंदुकांतली सेफ्टी केवळ ट्रिगर अडवते, त्यामुळे नळीत काडतूस असलेली बंदूक जोराने खाली पडली तर उडण्याचा धोका राहतो. तिजोरीत ठेवतानाही नळी रिकामीच असावी. कोकणातल्या पावसाळ्यात काकांची कागदी कवचाची जुनी काडतुसे फुगून नळीत बसेनाशी होत. प्लॅस्टिकच्या कवचाला ओल लागत नाही, पण महिनोन्महिने मॅगझिनच्या, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसांच्या साठ्याच्या, स्प्रिंगखाली दाबून राहिली तर तीही चेपतात आणि ऐनवेळी अडकतात. मी वर्षातून दोनदा, घड्याळे एक तास पुढे-मागे करायच्या रविवारी, काडतुसे बाहेर काढतो, बुडाची कड आणि झाकण बोटाने तपासतो, चेपलेली सरावाच्या डब्यात टाकतो, आणि त्याच प्रकारची नवी ठेवून खोक्यावर तारीख लिहितो. शिसे विषारी असते, म्हणून त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही.